शांत राहा, हे कोणी कोणाला सांगायचे?

गेल्या जुलैमधली ग्रामसभा. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या छत्र्या आणि सत्तर-ऐंशी माणसे. आमच्या वाड्याच्या वरच्या अंगाला डोंगर कापायला सुरुवात झाली होती. रात्री जेसीबी चालायचा, उजाडले की बंद. पहिल्याच मोठ्या पावसात लाल माती खालच्या शेतांत उतरली. मी त्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे आमच्या गोव्यातला सातबारा, काढून आणला होता आणि मला तीनच गोष्टी विचारायच्या होत्या. या सर्व्हे क्रमांकाचा झोन कधी बदलला? सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याची परवानगी, मिळाली आहे का? पंचायतीने परवानगी दिली असेल तर ती कोणत्या ठरावाने? दुसऱ्या प्रश्नावर पोचले तेवढ्यात समोरच्या रांगेतला एक पंच उठला आणि म्हणाला, "बाये, तूं हांगाची न्हय. तुजो गांव घाटार. थंय वचून विचार."

मी मूळची घाटावरच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडची. लग्न होऊन गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आले त्याला अडतीस वर्षे झाली. त्यातली एकतीस वर्षे इथल्याच मराठी प्राथमिक शाळांत शिकवण्यात गेली. घरात कोंकणी, फळ्यावर मराठी, असेच माझे सगळे आयुष्य. 'घाटी' हा शब्द आल्या दिवसापासून ऐकत होते. बाजारात, बसमध्ये, कधी थट्टेत, कधी थट्टेच्या आडून. त्याची धार माझ्यापुरती केव्हाच गेली अशी माझी समजूत होती. त्या दिवशी कानशिले तापली, हातातला कागद थरथरला, आणि मी त्या पंचाला ओरडून म्हणाले, "तुझ्या बापाला सही करायला मी शिकवलं. तो अंगठा उठवत होता तेव्हापासून मी या गावात आहे."

सभागृहात हशा पिकला, मग आरडाओरडा. कोणी माझ्या बाजूने उठले, कोणी त्याच्या. सरपंचांनी सभा तहकूब केली. पुढे इतिवृत्त वाचले तर त्यात माझे तीन प्रश्न नव्हते. गोंधळ झाल्यामुळे सभा तहकूब करण्यात आली, एवढेच वाक्य होते. दुसऱ्या दिवशी रात्री जेसीबी पुन्हा सुरू झाला.

अपमान म्हटला की आपण तो कोणाला किती लागला याचीच चर्चा करतो. मला आता वाटते की चारचौघांत केलेल्या अपमानाचे मुख्य काम वेगळेच असते. विषय जागेवरून हलवायचा असतो. डोंगराचा विषय होता, तो एका वाक्यात चंदगडचा झाला. पुढच्या वाक्यात मी स्वतः तो त्याच्या बापाचा केला. सभा मोडण्यासाठी त्याला जेवढे करायचे होते त्यातले अर्धे मी करून दिले. रागात माणूस आपल्या बाजूने लढतो आहे असे त्याला वाटत असते. त्या दिवशी माझा राग माझ्या विरुद्ध पक्षाच्या कामी आला.

म्हणून निवृत्तीनंतर कधीतरी चाळलेला एपिक्टेटस हा प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञ मी पुन्हा वाचायला घेतला. स्टोइक विचारांची सध्या जी ओळख करून दिली जाते ती मला फारशी पटत नाही. एकट्याने बसायचे, मन घट्ट करायचे, जगाचे काही लावून घ्यायचे नाही, अशी काहीशी ती असते. या पंथाला नाव पडले तेच मुळी एका ओसरीवरून. इ.स.पू. 300 च्या सुमारास सायप्रसहून आलेला झेनो अथेन्सच्या बाजारचौकालगतच्या एका चित्रे रंगवलेल्या लांब ओसरीत, म्हणजे 'स्तोआ'त, शिकवायचा. आपल्याकडे घरापुढच्या सोप्यावर किंवा ख्रिस्ती घराच्या बाल्कांवावर बसून गावभरच्या गोष्टी होतात, येणाराजाणारा दोन शब्द टाकून पुढे जातो, तशी ती उघडी जागा. तिथे ऐकणाऱ्याने मध्येच अडवले असेल, वाद घातला असेल, टवाळीही केली असेल. माणसांपासून दूर जाण्यासाठी कोणी बाजाराच्या कडेची जागा निवडत नाही.

एपिक्टेटस स्वतः जन्माने गुलाम, आजच्या तुर्कस्तानातल्या हायरापोलिसचा. त्याचा मालक एपाफ्रोडिटस हाही एकेकाळचा गुलाम, पुढे नीरो बादशहाच्या दरबारात वर चढलेला. एपिक्टेटसचा पाय अधू होता. सुटका झाल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला. डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना शहराबाहेर काढले तेव्हा ग्रीसच्या पश्चिम भागातल्या निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा चालवली. त्याने लिहून काही ठेवले नाही. एरियन नावाच्या शिष्याने टिपले ते आपल्यापर्यंत आले. जन्मभर ज्याला कोणी अरे म्हटले नाही असा माणूस अपमानाविषयी बोलत असता तर मी पुस्तक मिटून ठेवले असते. हा माणूस तसा नव्हता.

तो म्हणतो, शिवी देणारा किंवा हात उगारणारा तुमचा अपमान करत नाही. यात अपमान आहे हे तुमचे मत तुमचा अपमान करते. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला या वाक्याचा रागच आला होता. मारणारा सुटला आणि मार खाणाऱ्यावर खापर, असे ते वाटले. पुढे वाचत गेले तसे लक्षात आले की स्टोइकांनी मनाच्या हालचालीचे दोन भाग केले आहेत आणि ते वाक्य फक्त दुसऱ्या भागाविषयी आहे. पहिला झटका आपल्या हातात नसतो. औलस गेलियस या रोमन लेखकाने याची एक गोष्ट नोंदवली आहे. समुद्रात वादळ उठले तेव्हा जहाजावरच्या एका नामांकित स्टोइक पंडिताचा चेहरा इतरांसारखाच पांढराफटक पडला. वादळ ओसरल्यावर कोणीतरी त्याला खिजवले, तर गेलियसने नंतर त्याला शांतपणे कारण विचारले. त्या पंडिताने पिशवीतून एरियनने टिपलेले एपिक्टेटसचेच पुस्तक काढून दाखवले. दचकणे, रंग उडणे हे ज्ञानी माणसालाही चुकत नाही, असे त्यात होते. फरक पुढच्या क्षणी पडतो. मनापुढे जे चित्र उभे राहिले त्याला ज्ञानी माणूस 'हो, हे खरेच भयंकर आहे' अशी संमती देत नाही.

माझी कानशिले तापणे आणि कागद थरथरणे हे वादळातल्या चेहऱ्यासारखे होते. त्याबद्दल मी स्वतःला काही बोल लावत नाही. 'बाप' हा शब्द मात्र मी उच्चारला. त्या दोहोंच्या मध्ये एका श्वासाइतकी जागा होती. सेनेका या रोमन स्टोइकाने रागावरचा सगळ्यात मोठा उपाय म्हणून विलंब सांगितला आहे. तो दिवसांचा असायला हवा असे नाही. त्या दिवशी मला एक श्वास पुरला असता.

एपिक्टेटसने दिलेले दगडाचे उदाहरण मला अधिक उपयोगी पडले. दगडापाशी उभे राहून त्याला शिव्या घाला, काय साधेल, असे तो विचारतो. ऐकणाऱ्याचा दुबळेपणा शिवी देणाऱ्याला पायरीसारखा मिळाला तरच तो वर चढतो. आमच्याकडच्या चिऱ्याच्या गडग्यावर पोरे चढतात ती खाच बघूनच. माझी खाच कुठे आहे हे त्या पंचाला बरोबर ठाऊक होते. या गावाने मला आपली म्हणावे ही अडतीस वर्षांची भूक. त्या भुकेत लाज वाटण्यासारखे काही नाही, पण ती भागवणे गावाच्या हातात आहे, माझ्या नाही. माझ्या हातात होता तो उताऱ्याचा कागद.

आठ-दहा दिवसांनी मी त्या पंचाच्या वडिलांना भेटायला गेले. साक्षरतेच्या वर्गात ते खरोखरच माझे विद्यार्थी होते, माझ्याहून वयाने पुष्कळ मोठे. दिवसभर शेतात राबून रात्री पाटी घेऊन बसायचे. ते सोप्यावर बसले होते. मी म्हटले, तुमचे नाव घेऊन मी चारचौघांत बोलले, माझे चुकले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तें खरेंच न्हय गे बाई? तुमीच शिकयलें म्हाका." आणि थोड्या वेळाने, "पुताक लागलें तें."

सही येत नसणे ही त्यांच्या लेखी एक गोष्ट होती, ती शिकल्यावर संपलेली. तिला शिवीचे रूप मी दिले, तेही शिक्षिकेने. माझ्या एकतीस वर्षांच्या कामाचा असा वापर मीच करावा, याचे मला जे दुःख आहे ते त्या पंचाच्या बोलण्याच्या दुःखापेक्षा मोठे आहे. दुसऱ्याने केलेला अपमान विसरता येतो, पण आपल्या तोंडून गेलेला शब्द आपल्यापाशी राहतो. सेनेका रोज रात्री दिवा मालवल्यावर दिवसभराचे बोलणे-वागणे स्वतःपुढे तपासायचा. ही सवय मी त्या आठवड्यापासून लावून घेतली आहे.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. पण या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला मनापासून पटतो. शांत राहण्याचा उपदेश नेहमी उतारावरून खाली वाहतो. सुनेला सांगतात शांत राहा, सासऱ्याला सांगत नाहीत. शेतमजुराला सांगतात, भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, नाही. सभेनंतर मला किमान दहा जणांनी सांगितले, बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही तरी शांत राहायचे होते. त्यातल्या एकानेही त्या पंचाला काही सांगितल्याचे माझ्या कानावर आले नाही.

भाटकाराचे बोलणे मुंडकार निमूट ऐकून घ्यायचा, ते तो स्टोइक होता म्हणून नव्हे. डोक्यावरचे छप्पर भाटकाराच्या जमिनीत होते. मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा 1975 साली आला. कुळांना संरक्षण देणारा 1964 साली. त्याआधी भाटकाराने वापरलेला शब्द हा नुसता शब्द नसायचा. घर खाली करण्याच्या नोटिशीचा तो पहिला कागद असायचा. अशा माणसाला 'तुझे मतच तुझा अपमान करते' हे सांगणे क्रूरपणाचे झाले असते. आणि इथे स्टोइकांची मर्यादाही बोलून दाखवली पाहिजे. एपिक्टेटस गुलामगिरी भोगून आला, पण गुलामगिरी मोडा असे त्याच्या शिकवणीत सापडत नाही. गुलामाने आतून मोकळे कसे व्हावे हे त्याने सांगितले, बाहेरच्या बेडीचे काम दुसऱ्यांवर राहिले.

सेनेका निदान दोन गोष्टी वेगळ्या करतो: इजा आणि अवमान. इजा गंभीर, कायदा तिची दखल घेतो. अवमान त्याहून हलका; त्याची तक्रार करता येते, पण कायद्याला तो शिक्षेच्या योग्यतेचा वाटलेला नाही, असे त्याचे म्हणणे. रोममधल्या श्रीमंत सिनेटरापुरते हे ठीक असेल. आपल्याकडे ते सगळीकडे लागू होत नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्यासाठी 1989 साली जो कायदा झाला त्यात चारचौघांसमोर हेतुपुरस्सर केलेली मानखंडना हाही गुन्हा ठरवला गेला. सेनेकाने आखलेली रेघ त्या कायद्याने पुसली, आणि ते योग्यच झाले. जिथे जातीवरून काढलेला एक शब्द विहिरीचे पाणी, भाड्याची खोली, देवळाचा उंबरठा नाकारण्याची आठवण करून देतो तिथे अवमान आणि इजा यांना वेगळे काढताच येत नाही.

आपल्या गोव्यात याचा सगळ्यात मोठा पाठ गोमंतक मराठा समाजाने दिला आहे. देवळांच्या सेवेत गाण्या-नाचण्यासाठी बांधलेल्या घराण्यांतल्या मुलांना बापाचे नाव विचारून हिणवले जात होते, तो काळ फार जुना नाही. पैंगीणच्या राजाराम पैंगीणकरांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले 'मी कोण?'. लोक ज्या प्रश्नाने टोचत होते तोच प्रश्न त्यांनी मुखपृष्ठावर छापला. एपिक्टेटसला हे आवडले असते; पायरी म्हणून वापरली जाणारी खाचच त्यांनी बुजवली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलींना त्या प्रथेत ढकलणे थांबावे, मुले शाळेत जावीत, यासाठी त्या पिढीने समाज बांधला. याच समाजातल्या केरीच्या केसरबाई केरकर 1969 मध्ये पद्मभूषण झाल्या, आणि 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर जी ध्वनिमुद्रिका अवकाशात गेली तिच्यात त्यांची भैरवी आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर याच समाजातले. या लोकांनी मन शांत ठेवले असेल किंवा नसेल. हिणवण्याला जो आधार होता तो मात्र त्यांनी काढून घेतला. नुसते मन घट्ट करून ते झाले नसते, आणि शिवीला शिवी देत बसूनही झाले नसते.

मग शांतपणाची ही शिकवण कोणी कोणाला द्यायची? माझे उत्तर मला शाळेतल्या रोजच्या पाठांतरात सापडले. 'मना बोलणे नीच सोशीत जावे' हा समर्थांचा श्लोक मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतला. त्यातला पहिला शब्द 'मना' आहे, याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. नीच बोलणे सोसण्याची आज्ञा तिथे स्वतःच्या मनाला केली आहे. शेजाऱ्याला, सुनेला, मुंडकाराला केलेली नाही. मार्कस ऑरेलियस या रोमन बादशहाची जी टिपणे आज जगभर वाचली जातात तीही त्याने स्वतःलाच उद्देशून लिहिली होती. आज भेटतील ती माणसे लुडबुडी, कृतघ्न, उद्धट असतील, असे तो सकाळी स्वतःला बजावतो. प्रजेला फर्मान काढून सांगत नाही. सोसायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. तीच गोष्ट दुसऱ्यावर लादली की तिचे नाव बदलते, ती दडपण होते.

याला मी एकच अपवाद मानते. ज्याने आपण होऊन खुर्ची मागितली त्याच्याकडून सोसण्याची अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क आहे. सरपंच, पंच, आमदार, मंत्री, अधिकारी, संपादक, मुख्याध्यापक. मार्कस ऑरेलियस इ.स. 161 ते 180 असा बादशहा होता, एका शब्दाने तो कोणाचेही तोंड बंद करू शकला असता. त्याच माणसाने लिहून ठेवले आहे की माझे चुकते आहे हे कोणी दाखवून दिले तर मी आनंदाने बदलेन, कारण मी सत्य शोधतो आहे आणि सत्याने आजवर कोणाचे नुकसान झालेले नाही. सेनेकाने दयाबुद्धीवरचा उपदेश कोवळ्या वयाच्या नीरोला उद्देशून लिहिला. नीरोने तो ऐकला नाही, आणि इ.स. 65 मध्ये त्याच नीरोच्या हुकमावरून सेनेकाला जीव द्यावा लागला. ज्याच्या हाती सत्ता त्याचा राग इतरांना किती महाग पडतो हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच त्याने राजाला शिकवायचा प्रयत्न केला.

आपल्याकडे याच्या उलट चालते. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज चढला की उत्तर देणारा म्हणतो, "आधी नीट बोला." नीट बोलणारी माणसे कितीतरी वर्षे अर्ज देत असतात आणि त्यांच्या अर्जावर धूळ बसते. ज्याच्या शेतात माती शिरली आहे त्याचा आवाज चढणारच. त्या आवाजातला प्रश्न वेगळा काढून त्याचे उत्तर देणे हे खुर्चीवरच्या माणसाचे काम आहे, आणि त्यासाठी त्याला जेवढी मनाची शांती लागते तेवढी त्याने कमवावी. तो कमवत नाही, उलट कायदा हाताशी धरतो. बदनामी हा आपल्याकडे आजही फौजदारी गुन्हा आहे; सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ती तरतूद वैध ठरवली आणि नव्या न्याय संहितेतही दोन वर्षांपर्यंतची कैद राहिली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले 66अ कलम मात्र त्याच न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले, कारण कोणाला तरी त्रासदायक वाटले एवढ्यावर माणसाला पकडता येत होते. जनतेच्या प्रश्नाने ज्याची अब्रू जाते अशा पुढाऱ्याला फौजदारी कायद्याचे कवच कशाला, हे मला कधीच समजलेले नाही. खोट्या आरोपाने नुकसान झाले तर भरपाई मागायला दिवाणी न्यायालय आहेच. तुरुंगाची भीती फक्त विचारणाऱ्याच्या मनात राहते.

आणि मान. गोव्यात मानाविषयी न बोलता अपमानाविषयी बोलता येत नाही, कारण इथे मान ही हातात धरता येणारी वस्तू आहे. मानाचा नारळ, मानाचा विडा, पालखीला पहिला खांदा, गाऱ्हाण्यात आधी घेतले जाणारे नाव. यावरून भाऊबंद कोर्टात गेलेले आणि जत्रा बंद पडलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पोर्तुगिजांनी 1886 साली देवस्थानांसाठी नियम केले, 1933 साली ते नव्याने आले, आणि आजही या भांडणांचे कागद मामलेदाराच्या टेबलावर जातात. एपिक्टेटसच्या काळीही हे होते. मेजवानीला दुसऱ्याला आधी बोलावले, सल्ल्यासाठी तुम्हाला वगळून त्याला विचारले, म्हणून तुम्ही जळता का, असे तो विचारतो. बाजारात कोशिंबिरीच्या पाल्याला एक नाणे पडते. ज्याने नाणे दिले त्याला पाला मिळाला. तुम्ही दिले नाही, तुमच्याजवळ नाणे राहिले. मेजवानीचीही किंमत असते, यजमानाची स्तुती आणि त्याच्या दारातल्या फेऱ्या. ती तुम्ही दिली नाही तर तुमचे काही गेले नाही. ज्या घराला तीन पिढ्या नारळ मिळत आला आणि एका वर्षी मिळाला नाही, त्या घराने हे वाचावे असे मला वाटते. पण ज्यांना सभामंडपाच्या बाहेरच उभे केले जाते त्यांना मी पाल्याची गोष्ट सांगणार नाही. नारळ मिळणे हा मान आहे. आत येता येणे हा हक्क आहे.

शेवटी मुक्ताबाई. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी कथा परंपरेने आपल्याला दिली आहे. 'संन्याशाची पोरे' म्हणून ही भावंडे जन्मभर हिणवली गेली. धाकटी बहीण दाराबाहेर उभी राहून म्हणते, 'शब्द शस्त्रे झाले क्लेश, संती मानावा उपदेश'. लहानपणी मला हे फार सोशिक वाटायचे. आता मला त्या अभंगांत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती प्रत्येक अभंगाच्या शेवटी येणारी मागणी: ताटी उघडा. ती हक्काने सांगते, कारण ते शब्द तिलाही तितकेच लागले होते. उतारावरून खाली आलेला हा उपदेश नाही. आणि तिला दादाचे मन नुसते शांत व्हायला नको आहे, दादा बाहेर यायला हवा आहे. दार लावूनही माणूस शांत होतो. पण तशी शांती गावाला परवडत नाही.

आमच्या ग्रामसभेत येणे सोडलेली माणसे मी मोजली. फक्त आमच्या वाड्यावरची अकरा. एक निवृत्त पोस्टमन, एक नर्स, शेतीच्या हिशेबात कोणाला न ऐकणाऱ्या दोन जावा. सगळ्यांचे कारण एकच, "कोण आपला मान घालवून घेणार तिथे?" त्यांची ताटी लागलेली आहे आणि आत ती माणसे शांत आहेत. पंचायतीच्या सभागृहात मग उरतात ती ज्यांना बोलून घेण्याचे काही वाटत नाही ती, आणि ज्यांना बोलण्याचे काही वाटत नाही ती. गावाच्या जमिनीचे निर्णय त्यांच्यात होतात. अपमान सोसण्याची ताकद ही खाजगी सद्गुणाची गोष्ट राहत नाही ती इथे. ती कमी पडली की सभा रिकामी होते.

मी त्या अकरा जणांकडे गेले. कोणालाही शांत राहा म्हटले नाही. म्हटले, माझ्या शेजारी बसा, बोलू नका हवे तर. सहा जण आले.

ऑक्टोबरच्या सभेआधी मी तिन्ही प्रश्न लिहून सचिवांकडे दिले आणि प्रतीवर पंचायतीचा शिक्का घेतला. सभेत उभी राहिले तेव्हा हात थरथरतच होता. तोच पंच या वेळी बसल्या जागेवरून पुन्हा घाटावर काहीतरी बोलला. नेमके काय ते मला ऐकू आले. मी कागद टेबलावर ठेवला म्हणजे थरथर दिसणार नाही, एक श्वास घेतला, आणि सर्व्हे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून वाचला. तो परत बोलला, मी परत वाचला. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा मागून नर्सबाई म्हणाली, "जाप दियात." उत्तर द्या. सरपंचांनी माहिती घेऊन पुढच्या सभेत सांगतो म्हटले. हे सगळे इतिवृत्तात आले आहे, सर्व्हे क्रमांकासकट.

जानेवारीच्या सभेसाठी आम्ही त्याच प्रश्नांवर वाड्याच्या सह्या घेतल्या. माती ज्या शेतांत उतरली त्यातले एक त्या पंचाच्या वडिलांचे आहे. मी त्यांच्याकडे जाणार नव्हते. मुलाच्या विरुद्ध त्यांना उभे करावे असे मला वाटत नव्हते. ते स्वतःच काठी टेकत आले, कागद मागून घेतला, आणि चष्मा पुसून चौथ्या ओळीत सही केली. अक्षरे अजून तशीच आहेत, पाटीवर गिरवली होती तशी, सुटी सुटी आणि थोडी मोठी.